गव्हाचे रुपये व संततिनियमन : अमेरिकेच्या ४८० व्या कायद्यांतील एका कलमाची पाठचिकित्सा

मराठी ग्रंथांच्या शोधांत ज्यांनीं अमेरिकेंतील ग्रंथालयांच्या सूची चाळल्या असतील, त्यांना १९६२ नंतर तिकडे गेलेल्या पुस्तकांच्या नोंदींत ‘पी. एल. ४८०’ अशी खूण पुष्कळदां आढळली असेल. ही खूण ग्रंथालयाची नव्हे, एका कायद्याची आहे. १० जुलै १९५४ रोजीं अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या सहीनें अमलांत आलेल्या या कायद्याचें मूळ नांव लांबलचक असून त्यांत शेतमालाच्या व्यापाराचा विकास आणि साहाय्य हे दोन्ही हेतु गुंफलेले आहेत. व्यवहारांत मात्र तो आपल्या अनुक्रमांकानेंच ओळखला गेला, आणि आपल्याकडे तर त्या आंकड्याचा अर्थच ‘गहूं’ असा होऊन बसला. या कायद्याखालीं सांचलेल्या रुपयांतून मराठी पुस्तकें विकत घेतलीं गेलीं. १९६१ सालीं स्थापन होऊन आरंभीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत बिऱ्हाड केलेल्या ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ या संस्थेस त्यांतून हातभार लागला. मिसर देशांत त्याच जातीच्या पौंडांतून अबू सिंबेलचीं देवालयें उचलून उंचावर नेण्याच्या कामीं अमेरिकेनें आपला वाटा दिला. आणि १९६६ पासून त्याच शिलकेंतून परदेशांतील संततिनियमनाच्या कार्यास पैसा देण्याची मुभा कायद्यानें दिली. प्रस्तुत लेखांत या शेवटच्या मुभेचाच विचार करावयाचा आहे.

अर्थशास्त्र हा या लेखकाचा विषय नव्हे. त्याचें आयुष्य मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलें. परंतु सगळा वाद एका वाक्यावर उभा असावा, आणि वाद घालणारांनीं तें वाक्य क्वचितच पदच्छेद करून पाहावें, अशा ठिकाणीं शाळामास्तरास बोलण्याचा थोडासा अधिकार पोंचतो.

या मुभेविषयीं दोन तऱ्हेचें लिखाण आढळतें. अमेरिकन लेखकांपैकीं कित्येकांच्या मतें ती उदारतेची परमावधि होय : ठेव आमची, आणि कल्याण तुमचें. आपल्याकडील कित्येकांच्या मतें ती उघड खरेदी होय : गव्हाच्या मोबदल्यांत आपल्या बायाबापड्यांची कूस विकत घेतली गेली. आवेश दोन्हीकडे सारखाच आहे, आणि दोन्ही पक्ष हवाला देतात तो कलम १०४ (एच्) याचाच.

प्रथम हा पैसा आला कोठून, तें पाहूं. अमेरिकेच्या कोठारांत गहूं, कापूस, तंबाखू अतोनात सांचला होता, आणि ज्या देशांना तो हवा होता त्यांच्याजवळ डॉलर नव्हते. तेव्हां माल द्यावा आणि किंमत त्या त्या देशाच्या चलनांत घ्यावी अशी तोड निघाली. आपला पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ चा. पुढें ४ मे १९६० रोजीं अन्नमंत्री स. का. पाटील यांनीं वॉशिंग्टन येथें खुद्द आयसेनहॉवर यांच्यासह ज्या करारावर सही केली, त्यांत चार वर्षांत १ कोटि ६० लक्ष टन गहूं आणि १० लक्ष टन तांदूळ द्यावयाचा होता. धान्य लोकांनीं खाल्लें. किमतीचे रुपये अमेरिकन सरकारच्या नांवें येथेंच जमा राहिले. त्यांतील मोठा हिस्सा कर्ज व अनुदान या रूपानें पुन्हां भारत सरकारकडेच यावयाचा, कांहीं हिस्सा येथील अमेरिकन कंपन्यांस व त्यांच्या भागीदारांस कर्जाऊ द्यावयाचा, आणि उरलेला अमेरिकेच्या स्वतःच्या खर्चाचा, म्हणजे वकिलात, शिष्यवृत्त्या, ग्रंथखरेदी इत्यादींचा. हे रुपये डॉलर करून देशाबाहेर नेण्याची सोय नव्हती. जहाजें येत राहिलीं तशी शिल्लक फुगत गेली. ज्या देशांतील आपली शिल्लक गरजेहून अधिक आहे असें अमेरिकेच्या खजिन्यानें ठरविलें, त्यांत भारताबरोबर पाकिस्तान, मिसर, ट्युनिशिया, पोलंड, युगोस्लाव्हिया हेही देश होते. अशी न हलणारी शिल्लक पडून राहिली म्हणजे ती कशांत घालवावी याविषयीं नाना कल्पना सुचूं लागतात. पोलंडांत तिच्यांतून क्राकोव शहरीं मुलांचें इस्पितळ उभें राहिलें. संततिनियमन ही अशांपैकींच एक कल्पना होती.

आतां मूळ पाठाकडे वळूं. या चलनाचा विनियोग कसा करावा हें सांगणारें कलम १०४ वें. १९५४ च्या पाठांत त्याचीं पोटकलमें मोजकीं आहेत : नवे बाजार मिळविणें, लष्करी उपयोगाची सामग्री घेणें, मित्रदेशांसाठीं माल खरेदणें, अमेरिकेचीं परदेशांतील देणीं भागविणें, इत्यादि. लोकसंख्येचें त्यांत नांवही नाहीं. आणि गंमत अशी कीं, त्या पाठांत (एच्) हें अक्षर ज्या पोटकलमास लागलेलें आहे तें आंतरराष्ट्रीय शैक्षणिक देवघेवीचें, म्हणजे फुलब्राइट शिष्यवृत्त्यांचें आहे! पुढें वर्षानुवर्षें या कलमांत भर पडत गेली. १९५८ सालीं ग्रंथालयांसाठीं परदेशी पुस्तकें घेण्याचें पोटकलम (एन्) या अक्षरानें शिरलें, तें आपल्या ओळखीचें आहेच. १९६६ च्या नोव्हेंबरांत सगळा कायदाच नव्यानें रचला गेला, तेव्हां ग्रंथांचें पोटकलम (बी) च्या पोटांत पांचवें होऊन बसलें, शिष्यवृत्त्याही तिकडेच गेल्या, आणि रिकाम्या झालेल्या (एच्) या जागीं लोकसंख्येचें नवें पोटकलम आलें.

तेव्हां ‘१०४ (एच्) प्रमाणें झालेला खर्च’ असा उल्लेख एखाद्या कागदांत आढळला कीं, प्रथम कागदाची तारीख पाहावी. १९६० च्या कागदांतील (एच्) म्हणजे विद्यार्थी, १९६९ च्या कागदांतील (एच्) म्हणजे कुटुंबनियोजन. एकाच बखरीच्या दोन वाचनांत एकाच ओळीवर निराळीं नांवें आढळलीं तर आपण जी सावधगिरी बाळगतों, तीच येथें बाळगावयास हवी. फुलब्राइटचे रुपये संततिनियमनाच्या खातीं चढविण्यास एवढा एक अनवधानाचा क्षण पुरतो.

नवें पोटकलम एकाएकीं अवतरलें नाहीं. २५ जून १९६५ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथील भाषणांत अध्यक्ष जॉन्सन यांनीं लोकसंख्येच्या नियंत्रणास लावलेले पांच डॉलर आर्थिक वाढीस लावलेल्या शंभरांच्या तोलाचे आहेत अशा आशयाचें विधान केलें होतें. त्याच सुमारास सेनेटर ग्रुनिंग यांनीं या विषयावर साक्षी घेण्यास आरंभ केला, आणि प्रतिनिधिगृहांत मिशिगनचे पॉल टॉड यांनीं परदेशी चलनाची शिल्लक या कामीं लावण्याचा पाठपुरावा केला. पोटकलमाची रचना मात्र भाषणाहून पुष्कळच सावध आहे. त्यांत मातृकल्याण, बालकांचें आरोग्य व पोषण यांचा उल्लेख आधीं येतो. लोकसंख्यावृद्धीच्या ‘प्रश्नांशीं संबद्ध’ कार्यें नंतर येतात. कुटुंबनियोजन हा शब्द त्यांत नाहीं. दोन उपाधि जोडलेल्या आहेत : त्या देशानें विनंति केली पाहिजे, आणि भाग घेणें स्वेच्छेचें असलें पाहिजे. १९६८ च्या दुरुस्तींत यास एक शेंपूट लागलें : दर वर्षीं येणाऱ्या विक्रीच्या रकमेपैकीं निदान ५ टक्के रक्कम, परदेशानें विनंति केल्यास, लोकसंख्यावृद्धि ‘नियंत्रित’ करण्याच्या स्वेच्छामूलक कार्यास लावावी. दोन वर्षांपूर्वीं जो ‘प्रश्न’ होता, तो दोन वर्षांत ‘नियंत्रणाचा’ विषय झाला. मूळ ग्रंथकाराचा संकोच आणि भर घालणाराचा धीटपणा एकाच परिच्छेदांत शेजारीं शेजारीं बसलेले असे क्वचितच पाहावयास मिळतात.

या ५ टक्क्यांवरून फार गैरसमज झाला आहे. ‘निदान’ आणि ‘लावावी’ हे शब्द पाहून अनेकांनीं असें धरून चाललें कीं, गव्हाच्या प्रत्येक शंभर रुपयांतील पांच रुपये संततिनियमनास बांधलेलेच होते. मीमांसकांची परिभाषा येथें उपयोगी पडेल. नित्य विधि निराळा आणि काम्य विधि निराळा. अग्निहोत्र नित्य आहे. तें इच्छा असो नसो करावेंच लागतें. उलट कारीरी इष्टि पाऊस हवा असेल त्यानेंच करावयाची. ज्यास पाऊस नको त्यानें ती केली नाहीं म्हणून दोष लागत नाहीं. प्रस्तुत वाक्याचा सांगाडा नित्य विधीचा आहे, अधिकार मात्र काम्य विधीचा आहे. ‘विनंति केल्यास’ हें पद काढल्याशिवाय सक्तीचा अर्थ निघत नाहीं, आणि पद गाळून अर्थ काढणें यास आपल्या शास्त्रांत नांव आहे, तें येथें लिहीत नाहीं.

पण कलमाची सुटका एवढ्यानें होते असें मात्र कोणीं समजूं नये. पाठ कितीही निर्दोष असला तरी त्यांत सांगितलेल्या द्रव्याचें सामर्थ्य काय होतें हा निराळा प्रश्न आहे, आणि माझ्या मतें खरा प्रश्न तोच. हे रुपये पेटींत रोकड ठेवलेले नव्हते. ते भारत सरकारच्याच खास रोख्यांत गुंतविलेले होते, म्हणजे सरकारनें ते घेऊन आधींच खर्चून टाकलेले होते. अमेरिकेनें त्यांतील रक्कम एखाद्या दवाखान्यास ‘दिली’ म्हणजे काय झालें? देशांत एक सुईण अधिक झाली नाहीं, एक भिंत अधिक झाली नाहीं. जी सुईण होती तिच्या पगाराची जबाबदारी कोणत्या खात्यावर लिहावी एवढेंच ठरलें. आणि शिल्लक खरोखरच नव्यानें बाहेर काढली तर त्या प्रमाणांत नवा पैसा बाजारांत येऊन भाव चढावयाचे. प्रा. बी. आर. शेणॉय यांनीं या चलनाच्या महागाईकारक परिणामांवर आग्रहानें लिहिलें आहे, तें या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. जें परदेशांतूनच आणावें लागे, त्यास रुपया निरुपयोगी होता. त्यास डॉलरच लागत. म्हणूनच १९६७ सालीं अमेरिकेनें परदेशी मदतीच्या कायद्यांत लोकसंख्येसाठीं निराळें प्रकरण घालून ३ कोटि ५० लक्ष डॉलर राखून ठेवले, आणि त्याच वर्षीं गर्भनिरोधक साधनें मदतीच्या वस्तूंतून वर्ज्य ठेवण्याचा जुना नियमही उठविला. रुपयांची शिल्लक खरोखर कामाची असती तर हा खटाटोप कशाला?

पेशवाईच्या हिशेबांचे रुमाल ज्यांनीं हाताळले आहेत त्यांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. एखाद्या महालावर वरात काढली म्हणजे खजिन्यांत रक्कम वाढत नाहीं. त्या महालाच्या वसुलावरचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जातो. वरातही जमेस आणि वसूलही जमेस धरणारा अभ्यासक सरकारास दुप्पट श्रीमंत करून सोडतो. येथें तर तिहेरी मोजणीची सोय झाली होती. गहूं आला तेव्हां त्याची किंमत मदत म्हणून मोजली. त्याच गव्हाचे रुपये एखाद्या कार्यास नेमले तेव्हां ती रक्कम पुन्हां मदत म्हणून मोजली. आणि १८ फेब्रुवारी १९७४ रोजीं राजदूत मॉयनिहन यांनीं १६६४ कोटि रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हातीं दिला, तेव्हां ती तिसऱ्यानें मोजण्यास वाव मिळाला. त्या धनादेशाची बँकांच्या इतिहासांतील सर्वांत मोठा म्हणून ख्याति झाली. वस्तुतः तो कर्जखतावर मारलेला काट होता. त्यांत भर म्हणजे ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन झालें. त्यापूर्वीं १ कोटि रुपये म्हणजे सुमारें २१ लक्ष डॉलर. त्यानंतर सव्वातेरा लक्षांच्या किंचित् वर. एकाच कोष्टकांत दोन्ही बाजूंचीं वर्षें घालून डॉलरांची बेरीज करणारीं पुस्तकें पाहिलीं म्हणजे शिवकालीन होन व पेशवेकालीन रुपये एकत्र मिळविणाऱ्या हौशी संशोधकांची आठवण होते.

मग दडपण नव्हतेंच कीं काय? होतें, आणि मोठें होतें. परंतु तें रुपयांत नव्हतें, गव्हांत होतें. १९६५ च्या उन्हाळ्यापासून जॉन्सन यांनीं दीर्घ मुदतीचे करार थांबवून थोडथोडें धान्य थोडथोड्या मुदतीनें मंजूर करण्याचा क्रम धरला. त्यांतच १९६५ व १९६६ या दोन वर्षांचा पाऊस लागोपाठ बुडाला. १९६६ सालीं आपली धान्याची आयात एक कोटि टनांच्या वर गेली, आणि लाल मिलोची चव महाराष्ट्रांतील त्या पिढीनें तेव्हांच घेतली. त्याच वर्षाच्या कायद्यांत कलम १०३ प्रमाणें अध्यक्षानें करार करतांना, तो देश अन्नोत्पादन व लोकसंख्यावृद्धि या आपल्या प्रश्नांना तोंड देण्यासाठीं स्वतः काय करीत आहे, हें लक्षांत घ्यावयाचें होतें; १९६८ सालीं कलम १०९ च्या स्वावलंबनाच्या यादींतही लोकसंख्यानियंत्रण घालण्यांत आलें. हीं दोन कलमें धान्य द्यावें कीं न द्यावें यासंबंधाचीं आहेत. १०४ वें कलम धान्य खाऊन झाल्यावर उरलेल्या पैशासंबंधाचें आहे. पहिल्या ठिकाणीं ‘विनंति’ हें पद असतें तरी त्यास अर्थ उरला नसता, कारण जहाजाची वाट पाहणाराची विनंति आणि याचना यांत फरक करणें कठीण. १०४ (एच्) मधील विनंति मात्र धनकोनें ऋणकोस, ‘तुझ्याचकडे असलेल्या माझ्या पैशाचें काय करूं?’ असें विचारण्यासारखी होती. आपल्या टीकाकारांनीं बाण सोडला तो बरोबर दिशेनें, पण लक्ष्याच्या शेजारच्या झाडावर.

आणखी एक कालविपर्यास दाखविला पाहिजे. गव्हाबरोबरच ही कल्पना या देशांत आली, असें मानणारे महाराष्ट्रांतही आहेत, ही आश्चर्याची गोष्ट होय. र. धों. कर्वे यांनीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें तें १९२१ सालीं. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनीं जुलै १९२७ पासून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत चालविलें, आणि तें कोणाच्या अनुदानावर नव्हे. कुटुंबनियोजनाची अखिल भारतीय संस्था मुंबईंत १९४९ सालीं स्थापन झाली, आंतरराष्ट्रीय परिषद् तेथेंच १९५२ च्या नोव्हेंबरांत भरली, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेनें या कार्यास ६५ लक्ष रुपये नेमले. अमेरिकेचा कायदा १९५४ चा, आणि त्यांत लोकसंख्येचा शब्द शिरला तो १९६६ सालीं. कर्व्यांचा विचार स्त्रीच्या आरोग्याचा व सुखाचा होता. पुढें सरकारी दप्तरांत त्याचें लक्ष्यांकांत रूपांतर झालें. या रूपांतरास परदेशी सल्लागारांची घाई कारण झाली हें खरें, पण आपल्या अधिकाऱ्यांनाही आंकडा भरून देण्याची गोडी कमी नव्हती.

उलट टोकाचा विपर्यास आणीबाणीसंबंधीं होतो. १९७६–७७ या एका वर्षांत देशांत ८२ लक्षांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील सक्तीचें खापर गव्हाच्या रुपयांवर फोडणें सोयीचें झालें आहे. परंतु परदेशी चलनांतील विक्री १९७१ अखेर बंद व्हावी असें १९६६ च्या कायद्यांतच ठरलें होतें, आणि शिलकेचा मोठा भाग फेब्रुवारी १९७४ मध्यें काट मारून संपला होता. तीन मुलें हयात असलेल्यांवर शस्त्रक्रियेची सक्ती करणारें विधेयक १९७६ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें कायदा झालें नाहीं, ही निराळी गोष्ट. १०४ (एच्) मध्यें ‘स्वेच्छा’ हें पद होतें. आपल्या विधेयकांत त्याला जागाच नव्हती. हा पाठभेद परकीयांच्या माथीं मारतां येत नाहीं.

संग्राहकांसाठीं दोन शब्द. ताडपत्रें व सनदा जपणाऱ्या घरांतून या काळचे कागद रद्दीच्या भावानें जात आहेत : शिधापत्रिका, लाल त्रिकोणाचीं हस्तपत्रकें, तालुक्याच्या शिबिरांतील पावत्या, प्राथमिक आरोग्यकेंद्रांचे हजेरीपट. अमेरिकेंतील कायद्याची प्रत कोठेंही मिळेल. कोणत्या खात्यांतून कोणास किती रुपये मिळाले हें सांगणारी पावती मात्र ज्या गांवीं फाडली गेली त्याच गांवीं सांपडेल. अशा पावतीवर रकमेपेक्षां खात्याचें नांव, तारीख आणि पाठीमागचा शेरा अधिक मोलाचा समजावा. तसेंच कोणता शब्द छापलेला आहे तें अवश्य टिपून ठेवावें, कारण ‘संततिनियमन’, ‘कुटुंबनियोजन’ आणि १९७७ नंतरचें ‘कुटुंबकल्याण’ हीं एकाच खात्याचीं तीन नांवें असून, तारीख फाटून गेलेल्या कागदाचा काळ ठरविण्यास त्यांचा उपयोग होतो.